मेघालयातील सात दिवस: उजेड आणि पायऱ्या मोजून आखावी अशी सहल

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी, माझे पती, १२ वर्षांची मुलगी आणि ६९ वर्षांच्या सासूबाई असे आम्ही चौघे पुण्याहून गुवाहाटीमार्गे मेघालयात सात दिवस फिरून आलो. ईशान्य भारतात आमच्यापैकी कोणीच याआधी गेले नव्हते, म्हणून गाडी, मुक्काम आणि रोजचा कार्यक्रम हे सगळे एका सहल-संयोजकाकडे सोपवले होते. त्या आखणीतले काय जमले, काय फसले आणि तिथल्या माणसांनी ते कसे सावरून घेतले, हे मुलाबाळांना व वडीलधाऱ्यांना घेऊन जाणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आधी चूक सांगते. संयोजकाने सहाही रात्रींचा मुक्काम शिलाँगमध्ये ठेवला होता आणि रोज तिथून जाऊन-येऊन सगळी ठिकाणे पाहायची होती. नकाशावर हे सहज जमेलसे वाटते, कारण सोहरा, म्हणजे आपण जिला चेरापुंजी म्हणतो ते गाव, शिलाँगहून जेमतेम ५५ किलोमीटर आणि डावकी सुमारे ८० किलोमीटर आहे. परंतु रस्ता डोंगराचा, मध्येच धुके दाटते, आणि मुख्य म्हणजे घड्याळ सगळ्या देशाचे एकच असले तरी मेघालय इतके पूर्वेला आहे की, नोव्हेंबरात पुण्याला सहाच्या सुमारास मावळणारा सूर्य तिथे साडेचारलाच मावळतो. आमच्या तिसऱ्या दिवसात डावकी, मॉलिनाँग आणि क्रांगसुरी धबधबा अशी तिन्ही ठिकाणे कोंबली होती. धबधब्याच्या फाटकाशी पोचेपर्यंत अंधारून आले होते आणि खाली सोडणे बंद झाले होते. सासूबाई दिवसभराच्या प्रवासाने गळून गेल्या होत्या. संयोजकाला फोन केला, तर कार्यक्रम आता बदलता येणार नाही एवढेच उत्तर मिळाले.

मार्ग काढला तो आमच्या गाडीच्या चालकांनी. हे शिलाँगजवळच्या खेड्यातले खासी गृहस्थ. उरलेल्या तीन रात्री सोहऱ्यात काढा, म्हणजे पहाटे साडेपाचपासूनचा उजेड पदरात पडेल, असे त्यांनी सुचवले आणि स्वतः फोन करून एका घरगुती होमस्टेत दोन खोल्या मिळवून दिल्या. शिलाँगच्या खोल्यांचे पैसे बुडाले, पण सहल खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाली. नोहकालिकाई धबधबा ३४० मीटर उंचीवरून सरळ खाली कोसळतो. आदल्या संध्याकाळी पाहायला गेलेली मंडळी नुसते ढग पाहून परतली होती, आणि आम्हाला मात्र सकाळी सातला पाण्याची धार, तिच्या पायथ्याचा हिरवानिळा डोह आणि डोहाकाठचे दगडसुद्धा स्पष्ट दिसले. ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत २६,४६१ मिलिमीटर पाऊस नोंदवणारे हे गाव. धबधबे भरात पाहायचे असतील तर पावसाळ्यातच यावे लागेल, पण म्हाताऱ्या माणसांना ओल्या, शेवाळलेल्या पायऱ्यांवरून न्यायचे नसेल तर नोव्हेंबरच बरा.

नोंग्रियाटचा दुमजली मुळांचा पूल पाहायचा असेल, तर तिरना गावाहून साधारण साडेतीन हजार पायऱ्या उतराव्या लागतात आणि तेवढ्याच चढाव्या लागतात. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी या फंदात पडू नये. सासूबाई आणि पती वर थांबले. मी आणि मुलगी एका स्थानिक गाईडबरोबर सकाळी सहाला निघालो. वाटेत ओढ्यांवर तारांचे झुलते पूल लागतात. मुळांचा पूल रबराच्या झाडाच्या, म्हणजे आपल्या वड-पिंपळाच्या कुळातल्या एका वृक्षाच्या, जिवंत पारंब्या-मुळांचा असतो. कोवळी मुळे पोखरलेल्या पोफळीच्या खोडातून पलीकडच्या काठापर्यंत नेतात, तिथे ती रुजली की पुढे वर्षानुवर्षे त्यांची नवी मुळे एकमेकांत गुंफत राहतात. माणसाचा भार पेलण्याजोगा पूल व्हायला दोन-तीन दशके सहज जातात. पायाखाली मांडीएवढी जाड मुळे, त्यांच्या फटीत बसवलेल्या दगडी फरश्या, आणि कठड्याशी बोटाएवढे एक नवे मूळ जुन्याला बांबूच्या कामटीने बांधलेले. ते कोणी बांधले असे मुलीने विचारले, तेव्हा गाईड म्हणाले की जो येता-जाता पाहतो, तो बांधतो. तिने त्या मुळाला हात न लावता पाच मिनिटे नुसते निरखले. चढताना आम्हाला साडेतीन तास लागले. ज्यांना हे झेपणार नाही त्यांच्यासाठी मॉलिनाँगजवळ रिवाई येथे मुळांचा एक पूल थोड्याच पायऱ्या उतरून पाहता येतो. तो सासूबाईंनी काठीच्या आधाराने आरामात पाहिला होता.

त्यांना सर्वांत भावले ते दुसऱ्या दिवशी पाहिलेले मॉफ्लाँगचे राखीव देवरान. शिलाँगहून हे २५ किलोमीटरवर आहे. कडेला मोकळे गवताळ माळ, त्यात उभ्या शिळा, आणि एका रेषेत अचानक सुरू होणारे दाट जंगल. आतून पानसुद्धा बाहेर न्यायचे नाही, हा तिथला नियम. मुलीने खाली पडलेले एक लालसर पान वहीत ठेवायला उचलले होते, ते गाईडने अगदी हळू आवाजात परत ठेवायला सांगितले. सासूबाईंचे माहेर मुळशीकडचे. “आमच्या देवराईतली वाळकी काटकीसुद्धा कोणी चुलीला लावत नसे,” असे त्या म्हणाल्या, ते मी गाईडना हिंदीतून सांगितले, आणि मग त्या दोघांचे संभाषण मोडक्यातोडक्या हिंदीत अर्धा तास चालले. इथे गाईडशिवाय जाऊ नये. शुल्क माफक आहे आणि ते गावातच राहते.

डावकीची उमंगोट नदी पाहायची तर पावसाळा संपल्यावरच जावे, कारण पावसात ती गढूळ असते. आम्ही गेलो तेव्हा नावेची सावली तळाच्या गोट्यांवर पडलेली दिसत होती. वर १९३२ सालचा झुलता पूल आणि पुढे काही अंतरावर बांगलादेशाचा सपाट मुलूख. मॉलिनाँग स्वच्छ आहे, फुलांनी भरलेले आहे, मात्र दुपारी गर्दी फार होते.

जेवणाबद्दल शाकाहारी मंडळींनी आधी बोलून ठेवावे. जादोह हा तिथला रोजचा भात बहुधा डुकराच्या मांसात शिजवलेला असतो. होमस्टेच्या बाईंनी सासूबाईंसाठी वेगळ्या भांड्यात वरण, भात, बटाट्याची भाजी आणि मोहरीचा पाला केला, आणि ते भांडे वेगळे आहे हे न विचारता दाखवले. जेवणानंतर क्वाय पुढे केले. हे आपले विड्याचे पान आणि चुनाच, पण सुपारी ओली, उग्र आणि सोबत कात नाही. सासूबाईंना पानाची सवय असूनही कपाळाला घाम फुटला. एका गावाहून दुसरे गाव किती लांब, हे पूर्वी वाटेत किती क्वाय चघळून होतात यावर सांगत, असे बाईंकडूनच कळले.

मला पुन्हा आखायची झाली तर शिलाँगला दोन रात्री, सोहऱ्याला तीन आणि डावकीच्या बाजूला एक अशी वाटणी मी करीन, आणि गाडी पुण्यातून न ठरवता तिथल्याच माणसाची घेईन. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, आणि खेड्यांत रोख पैसे लागतात. शिलाँग ते गुवाहाटी अंतर १०० किलोमीटरच असले तरी परतीच्या विमानासाठी किमान पाच तास हाताशी ठेवावेत. वाटेत उमियामच्या जलाशयाकाठी थांबायला त्यातला अर्धा तास सहज मिळतो.