आयपॅड प्रो की मॅक मिनी? चिप एकच, मग अडतंय कुठे

आयपॅड प्रो हा ॲपलचा टॅब्लेट, मॅक मिनी हा त्यांचाच छोटा डेस्कटॉप. २०२४ च्या मॉडेलांची गोष्ट करतोय: दोन्हीत ॲपलचीच एम४ चिप, त्यातही आयपॅडला ती आधी मिळाली, मे २०२४ मध्ये, आणि मॅक मिनीला त्याच वर्षी ऑक्टोबरात जाहीर झालेल्या मॉडेलमध्ये. म्हणजे ताकदीचा प्रश्न फारसा नाहीच. फरक आहे पण, मिनीत फॅन आहे त्यामुळे तासभर व्हिडिओ रेंडर करा, दम टिकतो, १३ इंची आयपॅड जेमतेम ५.१ मिमी जाड, फॅन नाही, गरम झाला की स्पीड कमी करणारच. रॅमही बघा, मिनीत सुरुवातच १६ जीबीपासून, एम४ आयपॅडमध्ये १६ हवी तर किमान १ टीबीचं मॉडेल घ्यावं लागतं, खालच्यात ८ च.

पण मला खरं खटकतं ते सॉफ्टवेअर. एक्सकोड, म्हणजे ॲपलसाठी ॲप बनवायचं मुख्य सॉफ्टवेअर, आयपॅडवर चालतच नाही, स्विफ्ट प्लेग्राउंड्स या शिकाऊ कोडिंग ॲपमध्ये छोटं ॲप बनतं, पुढे मॅक लागतोच. कमांड टाइप करायचं टर्मिनल नाही, प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवणारं डॉकर नाही. आयपॅडच्या आयपॅडओएस २६ या सिस्टिममध्ये ॲपच्या खिडक्या हव्या तशा हलवता येतात, एक्स्पोर्ट बॅकग्राउंडला चालतं, हे खूप चांगलं झालं, तरी कोडिंग शिकणाऱ्या पोराला मी मिनीच घे म्हणेन. चित्रं काढणाऱ्यांनी मात्र बिनधास्त आयपॅड घ्या, ॲपल पेन्सिलने थेट स्क्रीनवर काढायची मजा मिनीवर नाही.