दोरीची म्होरकी आणि लीड रोप: घोड्यांसोबत वचन शिकवणाऱ्यांसाठी परीक्षण

घोड्यांच्या सहवासात ख्रिस्ती विश्वासाचे धडे देणारे गट खोगीर निवडताना चार ठिकाणी चौकशी करतात आणि म्होरकी मात्र हाताला येईल ती घेतात. वास्तविक अशा सत्रांत बहुतेक वेळ कोणी घोड्यावर बसलेलेच नसते. माणूस जमिनीवर उभा, समोर घोडा आणि दोघांमध्ये दोर, एवढाच मामला असतो. म्हणून इथे दोरीच्या म्होरकीचा, म्हणजे रोप हॉल्टरचा, आणि तिला जोडायच्या १२ फुटी लीड रोपचा, म्हणजे हातात धरायच्या दोराचा, विचार केला आहे. रुंद पट्टीची म्होरकी आणि साधा स्नॅफल लगाम, म्हणजे तोंडात धातूचा दांडा असलेला लगाम, तुलनेपुरते घेतले आहेत.

निकाल आधीच सांगतो. गटात दोराला वेळेवर ढील देता येणारा एक जरी माणूस असेल, तर या कामाला दोरीच्या म्होरकीसारखे दुसरे साधन नाही. तसा माणूस नसेल तर पट्टीची म्होरकी घ्या.

आधी बनावट पाहू. चांगली म्होरकी एकाच सलग दोरीची, गाठी मारून केलेली असते. तिला कडी नसते, बक्कल नसते. दोरीची जाडी ६ मिलिमीटरच्या आसपास असते. त्याहून बारीक दोरी घोड्याला जास्त टोचते. ८ मिलिमीटरची सौम्य असते आणि नवशिक्यांच्या गटाला तीच बरी. पॉलिएस्टर नायलॉनपेक्षा कमी ताणते, त्यामुळे गाठी जागच्या जागी राहतात. काही म्होरक्यांना नाकपट्टीवर दोन जादा गाठी असतात. दाब एका बिंदूवर आणण्यासाठी त्या दिलेल्या असतात, पण शिकाऊ हातात त्या देणे घोड्यावर अन्याय आहे. त्या घेऊच नका.

लीड रोप १२ ते १४ मिलिमीटर जाडीचा, वजनदार आणि लवचिक असावा. हलका दोर हलवला तरी घोड्यापर्यंत काही पोचत नाही, मग माणूस ओढायला लागतो. म्होरकीला तो शक्यतो दोरीच्याच फासाने जोडावा. जड पितळी हुक प्रत्येक हालचालीला जबड्याखाली आपटतो आणि घोड्याला नुसता गोंगाट होतो.

बसवण्यात सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून इथे थोडे थांबू. नाकपट्टी गालाच्या हाडाच्या टोकाखाली साधारण दोन बोटांवर यावी. ती खाली घसरली की नाकाच्या मऊ कूर्चेवर बसते. तिथे दाब आला तर दुखते आणि श्वासही अडतो. जबड्याखालची मोठी गाठ गळ्याच्या बाजूला, जबड्याच्या जवळ असावी. ती लोंबत असेल तर म्होरकी मोठी आहे, आणि मग ती फिरून गालाची दोरी डोळ्यात जाते.

गाठ बांधायला घोड्याच्या डाव्या खांद्यापाशी उभे राहा. कानांमागून आलेले लांब टोक डाव्या बाजूच्या फासातून मागून पुढे काढा आणि वर ओढून म्होरकी डोक्याला हलकी बसवा. आता ते टोक फासाच्या मागून वळसा देऊन स्वतःच्याच खालून काढा. वळसा फासाच्या दोन्ही दोऱ्यांना बसला पाहिजे. तो वर, टोकाच्याच दोरीला बसला, तर पहिल्या झटक्याला गाठ आवळते आणि नंतर सुटता सुटत नाही. उरलेले टोक घोड्याच्या डोळ्याकडे नको, मागे मानेकडे वळलेले हवे. गाठ बरोबर असेल तर कितीही ताण आल्यावर दोन बोटांनी सुटते. सत्र सुरू होण्याआधी प्रत्येकाकडून ही गाठ कुंपणाच्या आडव्या दांड्यावर करून घ्यावी.

आता ही म्होरकी शिकवते काय ते पाहू. घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटला की शिकतो. या साधनाची सारी किंमत या एका गोष्टीत आहे. घोड्याला एक पाऊल मागे न्यायचे असेल तर आधी ताठ उभे राहून त्याच्या छातीकडे पाहा. काही झाले नाही तर दोर बोटभर हलवा. तरी नाही, तर जरा जास्त हलवा. त्यानंतरच नाकपट्टीवर दाब जाऊ द्या. घोड्याने वजन मागच्या पायांवर नुसते सरकवले, पाऊल अजून उचललेलेही नाही, त्या क्षणी सगळे बंद करा. हात खाली, खांदे सैल, नजर बाजूला. घोडा मान खाली करील, पापण्या मिचकावील, बऱ्याचदा ओठ चाटून तोंड हलवील. त्याला तेवढा वेळ द्या. पुढच्या वेळी पुन्हा नजरेपासूनच सुरुवात करा, मागच्या वेळी दाब कुठवर न्यावा लागला होता याचा विचार करू नका. असे केले तर बहुतेक घोडे थोड्याच पुनरावृत्तींत नुसत्या नजरेवर मागे सरकतात आणि दोर जमिनीकडे सैल लोंबत राहतो.

स्तोत्रसंहिता ३२ मधली आठवी आणि नववी ओवी इथे, घोड्याशेजारी उभे राहून वाचावी. आठव्यात परमेश्वर म्हणतो की मी तुला वाट दाखवीन, माझी नजर तुझ्यावर ठेवून तुला बोध करीन. नवव्यात तो सांगतो की लगामाशिवाय जवळ न येणाऱ्या घोड्याखेचरासारखे होऊ नका. पुष्कळ ठिकाणी नुसती नववी ओवी शिकवली जाते, आणि धडा "हट्टी होऊ नका" एवढ्यावर संपतो. दोन्ही एकत्र वाचल्या आणि सैल दोर डोळ्यांसमोर असला, म्हणजे कळते की देवाला माणूस दोराच्या टोकाशी नको आहे, नजरेच्या टप्प्यात हवा आहे. दोरीची म्होरकी हे दाखवू शकते, कारण ढील दिली की तिचा दाब पूर्ण जातो. पट्टीच्या म्होरकीत दाब रुंद जागेवर पसरतो, घोडा तिच्यावर रेलून उभा राहू शकतो, आणि दाब कधी आला, कधी गेला हा फरक पुसट होतो.

दुसरा धडा ढील देण्याच्या वेळेचा. पाऊल पडेपर्यंत दाब धरून ठेवला तर उशीर झाला. घोड्याने केलेला प्रयत्न वाया गेला आणि पुढच्या वेळी तो कमी प्रयत्न करील. लूक १५:२० मध्ये मुलगा अजून दूर आहे तोच बाप त्याला पाहतो आणि धावत जातो. मुलाचे कबुलीचे बोलणे त्यानंतर येते. क्षमा पूर्ण सुधारणेची वाट पाहत नाही, हे नवख्या माणसाला दहा मिनिटे समजावण्यापेक्षा त्याच्या हातात दोर देऊन "वजन हलले की सोड" एवढेच सांगावे. वजन हललेले ओळखायला त्याला घोड्याकडे इतके बारीक पाहावे लागते की स्वतःची घाई मागे पडते.

बिघडते कुठे? मूठ आवळलेली राहते. अर्धा दाब सतत चालूच राहिला की घोडा त्याला सरावतो, मग तोच घोडा "बधिर" म्हणून बदनाम होतो. काही जण ढील देतात पण शरीर पुढे झुकलेलेच ठेवतात. घोड्याच्या लेखी ती ढील नव्हे. काही जण बरोबर उत्तर मिळाल्यावर आनंदाने त्याच्या तोंडावर थापट्या मारायला धावतात, आणि घोड्याला मिळालेली शांतता तिथेच संपते. कपाळाच्या अगदी समोरचे त्याला दिसत नाही, म्हणून समोरून हात आणू नये, खांद्याकडून आणावा.

शिकवणाऱ्याची एक चूक याहून गंभीर आहे: दोराचा दाब म्हणजे देवाची शिक्षा, असे सांगणे. ज्याने घरात मार खाल्ला आहे त्याला हे उदाहरण जखमेवर लागते, आणि ते चुकीचेही आहे. नीतिसूत्रे २६:३ मध्ये घोड्यासाठी चाबूक म्हटला आहे, पण वचनाचा रोख मूर्खावर आहे. घोडा कसा शिकवावा याची ती सूचना नव्हे. जनावराशी कसे वागावे हे पाहायचे असेल तर नीतिसूत्रे १२:१० उघडावे: नीतिमान आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो.

याकोबाच्या पत्रातले ३:३ म्होरकीवर शिकवू नये. तिथे गोष्ट तोंडातल्या लगामाची आहे, कारण पुढचा सगळा विषय जिभेचा आहे. त्यासाठी वेगळे सत्र घ्या आणि स्नॅफलचा मुखदंड हातोहात फिरवा. तो जिभेवरून जातो आणि पुढचे दात व दाढा यांच्यामधल्या मोकळ्या हिरडीवर टेकतो. ओठांच्या कडेला दोन्ही बाजूंनी साधारण अर्धा सेंटिमीटर बाहेर दिसला पाहिजे. ४०० ते ५०० किलोचा प्राणी एवढ्याशा धातूने वळतो हे हातात धरूनच पटते. शिकाऊंच्या हातात लगाम देऊन तो घोड्याच्या तोंडात मात्र घालू नका. या धड्याला तो फक्त पाहणे पुरे.

सुरक्षेबाबत दोरीच्या म्होरकीचा एक मोठा दोष आहे: ती तुटत नाही. म्हणून ती घालून घोडा खुंट्याला पक्का बांधू नये आणि चरायला तर सोडूच नये. पाय अडकला, खिळ्यात दोरी गुंतली, तर घोडा मान मोडेपर्यंत ओढतो. बांधायचेच असेल तर चामड्याचा तुटणारा पट्टा असलेली म्होरकी वापरा, किंवा खुंटा आणि दोर यांच्यामध्ये गवताच्या गठ्ठ्याची सुतळी घाला. दोराचे वेटोळे हाताला कधीही गुंडाळू नका. जादा दोर नागमोडी घड्या करून तळहातावर धरावा. हातमोजे हवेत, कारण नायलॉन सरकला की कातडी भाजते. एका घोड्यामागे दोनच शिकाऊ असावेत आणि पंधरा-वीस मिनिटांनी घोड्याला विश्रांती द्यावी. लहान मुलांच्या गटाला पट्टीचीच म्होरकी द्यावी. त्यांच्या हाताला ढीलचे भान यायला वेळ लागतो आणि तोवर घोड्याचे नाक सोलून निघते.

निगा सोपी आहे. घाम आणि वाळू बसली की दोरी ताठ होते आणि केस घासून काढते. सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवा. जळवून बंद केलेली टोके बोटाने तपासा. टोचत असतील तर पुन्हा वितळवून गोल करा. लीड रोपचा फास जिथे घासतो तिथले धागे सर्वात आधी झिजतात. तिथे आतला गाभा दिसू लागला की म्होरकी बदला. नवीन घेतल्यावर पहिले काही दिवस ती थोडी सैल होते, त्यामुळे नाकपट्टी दर वेळी पुन्हा मोजून बसवावी लागते.