केळीची पावडर: युनिट रावेरला की नरडाण्याला?

केळी पावडरचं युनिट टाकायचं म्हटलं की खान्देशात दोन सल्ले मिळतात. एक, बागांजवळ जळगाव जिल्ह्यात रावेर-सावद्याकडे जागा घ्या. दुसरा, धुळे जिल्ह्यातली नरडाण्याची एमआयडीसी धरा. मुंबई-आग्रा महामार्ग आणि सुरत-भुसावळ रेल्वे दोन्ही हाताशी.

आधी वजन पाहा. १० टन कच्च्या केळीत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त साल, उरलेल्या गरात सुमारे पाऊण भाग पाणी. हाती पावडर येते दीड-दोन टन. म्हणजे नरडाण्याला दीडशेएक किलोमीटर गाड्या पळवून आपण बहुतेक सालं आणि पाणीच वाहून नेणार. वाटेत घासून काळी पडलेली केळी वेगळीच. शिवाय नरडाण्यात सालीची विल्हेवाट हा खर्च. रावेरला माल टाकून रिकामा परतणारा ट्रॅक्टर तीच साल खताला शेतात नेतो.

मग प्रश्न मिटला? नाही. रावेर-यावलमध्ये ट्यूबवेल वर्षानुवर्षं खोल जातायत. तापीचं पाणी जमिनीत मुरवायच्या तापी महापुनर्भरण योजनेचा करार मे २०२५ मध्ये झाला, पण करारावर केळी धुता येत नाहीत. धुण्याचं पाणी गाळून पुन्हा वापरायची सोय पहिल्या दिवसापासून नसेल, तर तुम्ही शेजारच्या बागेचंच पाणी ओढणार आणि त्याच बागेकडून माल मागणार. एमआयडीसीत निदान पाणी नळाने येतं.

इंधनात नरडाणा थोडं सरस. उन्हाळ्यात सोलर ड्रायर दोन्हीकडे चालेल, पावसाळ्यात बॉयलर लागणारच. शिंदखेडा-अमळनेरच्या कपाशीपट्ट्यातल्या पऱ्हाट्यांच्या ब्रिकेट (जळणासाठी दाबून केलेल्या कांड्या) तिकडून जवळ.

मालाचा धोका मात्र जागा कुठलीही घ्या, तोच. मे-जूनच्या वादळात एका रात्रीत बागा आडव्या होतात. एकाच तालुक्यावर विसंबू नका. चोपडा, शिरपूर, बऱ्हाणपूरचे शेतकरी आधीच जोडून ठेवा. (भाव तसाही बऱ्हाणपूरचाच विचारतात.)

मी असतो तर सोलणं-वाळवणं रावेरला केलं असतं. माल मोठा असेल, निर्यातीचा असेल, तर दळण आणि पॅकिंग नरडाण्याला. छोट्या युनिटला दोन ठिकाणचा पसारा परवडत नाही. जागा बघायला मात्र मे महिन्यात जा, आणि मालकाला विचारा की ट्यूबवेल सलग किती तास चालते. ऑगस्टमध्ये सगळ्यांच्याच चालतात.