तीन द्रावणांचा ई-६ संच : आठ महिन्यांच्या वापरानंतर

ऑक्टोबरपासून मे अखेरपर्यंत नागपुरातल्या घराच्या न्हाणीघरात मी ३५ मिमी रंगीत स्लाइड फिल्मचे (जिच्यावर निगेटिव्ह न येता थेट खरे चित्र येते) १४ रोल धुतले. संच तीन द्रावणांचा होता : पहिला डेव्हलपर, रंग डेव्हलपर आणि ब्लीच व फिक्सर एकत्र असलेले, फिल्ममधली चांदी काढून टाकणारे ब्लिक्स. स्लाइड फिल्म धुण्याची १९७६ पासून चालत आलेली ही ई-६ पद्धत घरी जमते, कारण रंग तयार करणारे घटक फिल्मच्या थरांतच असतात; कोडॅकच्या जुन्या कोडाक्रोम स्लाइड फिल्मचे तसे नव्हते, त्यामुळे ती घरी धुण्याचा प्रश्नच नव्हता. संचाबद्दल माझी मोठी तक्रार नाही. मात्र पहिल्या सात रोलांत जो असमानपणा आला, त्याचे कारण शोधण्यात माझे तीन महिने गेले.

फुटाळा तलावावरच्या संध्याकाळच्या स्लाइड्स लाइट बॉक्सवर, म्हणजे खालून उजेड देणाऱ्या पेटीवर ठेवल्या, तेव्हा आकाशाच्या एकाच कडेला सुमारे चार मिलिमीटर रुंदीचा काळपट पट्टा दिसला. तो पहिल्या फ्रेमपासून छत्तिसाव्यापर्यंत सलग होता, आणि फिल्म धुण्याच्या टाकीतल्या दोन रोलांपैकी फक्त वरच्या रोलवर होता. मी दोष तापमानाला दिला, कारण पहिला डेव्हलपर ३८ अंशांवर ठेवण्याबद्दल सगळेच बजावतात. तापमान घसरले तर अख्खा रोल गडद होतो, एकच कड नव्हे, हे तेव्हा सुचले नाही.

उलगडा ब्लिक्समुळे झाला. तो रोल मी पुन्हा ताज्या ब्लिक्समध्ये घातला. पट्ट्यातला मळकट करडेपणा गेला, म्हणजे तिथे चांदी उरलेली होती. पण गडदपणा कायम राहिला. ब्लिक्समधली कसर मागाहून भरून निघते, पहिल्या डेव्हलपरमधली निघत नाही. स्लाइडमध्ये पहिला डेव्हलपर कमी पडला की चित्र गडद होते आणि जास्त झाला की फिकट, हे निगेटिव्हची सवय असलेल्याच्या डोक्यात लवकर बसत नाही. दोन्ही द्रावणे एकाच कडेला कमी पडली असतील, तर ती कड द्रावणाबाहेरच राहत असणार. टाकी उलटी करून पाहिली. बुडावर उठावाच्या अक्षरांत लिहिलेच होते : ३५ मिमीच्या एका रोलला २९० मिलि. दोघांना ५८० मिलि लागत होते आणि मी संच ५०० मिलिचा बनवला होता! पुढचा संच एक लिटरचा बनवला आणि पट्टा नाहीसा झाला.

दुसरा दोष मीच ओढवून घेतला. पट्ट्याच्या धास्तीने मी टाकी जोरजोराने हलवू लागलो, तर फिल्मच्या छिद्रांलगत आकाशात फिकट रेघा उमटल्या, कारण छिद्रांतून वेगाने घुसणारे द्रावण तेवढ्याच जागी जास्त काम करते. आता दर अर्ध्या मिनिटाला टाकी चार वेळा सावकाश उलटी करतो आणि दर वेळी हातातल्या हातात थोडी फिरवतो. टाकी काठोकाठही भरत नाही. वर हवा नसेल तर उलटी करूनही आतले द्रावण पुरेसे ढवळले जात नाही.

तापमानाचा त्रासही झाला, पण वेगळ्या प्रकारे. जानेवारीत ३८ अंशांचे द्रावण थंड टाकीत ओतताच ३५.५ वर आले आणि ते दोन्ही रोल गडद निघाले. तेव्हापासून फिल्म भरलेली टाकी आधी पाच मिनिटे ३८ अंशांच्या पाण्यात ठेवतो. मे महिन्यात उलटी तऱ्हा : गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारे पाणीच ४१ अंशांचे असते, म्हणून दोन द्रावणांमधल्या धुण्यासाठी बादलीत पाणी आधीच निववून ठेवावे लागते.

या तिन्हींनंतर फिल्म ज्यात बुडवतो ते शेवटचे द्रावण इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणाऱ्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये बनवतो. नळाच्या पाण्याचे पांढरे डाग त्यामुळे थांबले.

वापरलेल्या पहिल्या डेव्हलपरचा वेळ संचाच्या पत्रकाप्रमाणे वाढवावा लागतो, म्हणून प्रत्येक रोलनंतर बाटलीवर मार्करने एक रेघ मारतो. बाराव्या रोलच्या वेळी ती रेघ मारायची राहिली, आणि तेरावा थोडा गडद आलाच. एकत्र केलेले ब्लिक्स मात्र फार टिकत नाही. म्हणून पुढच्या वेळी ब्लीच आणि फिक्सर वेगवेगळे असलेला संच घेणार आहे, मग बाटल्या दोन वाढल्या तरी चालतील.