शुगरच्या नव्या औषधाची ट्रायल की चालू गोळ्या? मामांसाठी केलेली तुलना

आमचे मामा खानापूरच्या पुढं एका खेड्यात असतात, शुगर बारा वर्षांची, गेल्या महिन्यात बेळगावात तपासणीला आले तेव्हा त्यांना विचारलं की नवीन औषधाची ट्रायल चालू आहे, नाव घालायचं का, सगळं फुकट. लगेच मला फोन, "काय करू सांग की." मग दोन्ही बाजू मांडून बघितल्या. आपल्या भागात घरोघरी शुगर आहे म्हणून सगळ्यांसाठीच लिहायलोय.

सगळ्यात मोठा फरक औषध कोण ठरवतो हा आहे. रोजच्या इलाजात डॉक्टर मामांकडं बघून ठरवतात, शेतात काम जास्त, सकाळची शुगर ७० च्या खाली, घाम सुटून हातपाय थरथरायलेत म्हटलं की गोळी कमी करतात. ट्रायलमध्ये सगळं प्रोटोकॉलप्रमाणं, म्हणजे आधीच लिहून ठरवलेल्या पद्धतीप्रमाणं. नवीन औषध मिळणार, जुनं मिळणार की तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी म्हणजे प्लासिबो, हे कॉम्प्युटर ठरवतो, आणि डबल ब्लाइंड असेल तर डॉक्टरलासुद्धा माहीत नसतं. इथं लोक घाबरतात, पण बऱ्याच ट्रायलमध्ये मेटफॉर्मिनसारखी चालू गोळी तशीच ठेवून त्यावर हे औषध देतात आणि शुगर फारच वाढली तर दुसरं औषध द्यायची सोय असते. मामांच्या ट्रायलमध्ये ती आहे का आणि शुगर किती वाढल्यावर, हे सहीच्या आधी विचारायचं.

आता पैसा. ट्रायलमध्ये औषध आणि तपासण्या फुकट, येण्याजाण्याचा खर्चही बहुतेक देतात. पण डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० ला संपलं, सिटाग्लिप्टिनचं २०२२ ला, एम्पाग्लिफ्लोझिनचं २०२५ ला, त्यामुळं शुगरच्या या चांगल्या गोळ्यांचे भाव बरेच उतरलेत, आणि ट्रायल संपली की फुकटचं औषध सहसा थांबतं. म्हणून नुसतं फुकट आहे म्हणून जाऊ नका, मामांनाही मी हेच सांगितलं.

देखरेख मात्र ट्रायलची नक्कीच जास्त. मामांची एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज, वर्षातनं एकदा होते, तीही मामी मागं लागली तर, आणि घरातली रीडिंगं कालनिर्णयच्या पाठीमागं पेन्सिलनं लिहिलेली, अर्धी पुसलेली. ट्रायलमध्ये तारीख ठरलेली, उपाशीपोटी रक्त, म्हणजे पहाटेची बस धरून रिकाम्या पोटानं बेळगाव, मग पावसाळा असू दे नाहीतर लावणी. रिकामी पाकिटं परत न्यायची, उरलेल्या गोळ्या मोजून घेतात (मामी पाकीट चुलीत टाकते, तिला आधी सांगायला पाहिजे). औषध इंजेक्शनचं असलं तर बहुतेक २ ते ८ डिग्रीत ठेवावं लागतं, गावात लाईट गेली की फ्रिजचं काय?

धोक्याचं बोलायचं तर जुन्या गोळ्यांचे त्रास वर्षानुवर्षांचे माहीत असलेले, नवीनचे सगळे माहीत नसतात, म्हणूनच ट्रायल असते. फेज, म्हणजे ट्रायलचा टप्पा, कितवी ते विचारा, तिसऱ्या फेजपर्यंत औषध आधी बऱ्याच माणसांना देऊन झालेलं असतं, पहिल्या फेजमध्ये तसं नसतं. २०१९ च्या नियमांप्रमाणं ट्रायलमुळं इजा झाली तर उपचार फुकट आणि नुकसानभरपाई द्यावी लागते, एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, सीटीआरआय, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत, आधी नोंद लागते, तो नंबर मागून घ्या. कधीही, कारण न सांगता, बाहेर पडता येतं आणि त्यामुळं तुमचा नेहमीचा इलाज कुणी अडवू शकत नाही.

आता खरी गोष्ट. मामांच्या हातात दिलेला फॉर्म कन्नडमध्ये होता, बरीच पानं. मामा कन्नड फाडफाड बोलतात पण वाचणं बसच्या बोर्डापुरतं, आणि तिथल्या माणसानं बोट ठेवून दाखवलं, "इथं सही करा, बाकी मी सांगतो." मला फार राग आला. समजेल त्या भाषेत माहिती मिळणं हा पेशंटचा हक्क आहे, मराठी फॉर्म मागायचा, घरी आणायचा, आपल्या नेहमीच्या डॉक्टरला दाखवायचा.

माझं मत स्पष्ट आहे. एचबीए१सी सातच्या आसपास असेल आणि गोळ्या सोसत असतील तर ट्रायलच्या मागं लागू नका. मामांची नऊच्या वर आहे, दोन गोळ्या घेऊनही, आणि लेक बेळगावातच टिळकवाडीत राहते, आदल्या रात्री मुक्कामाला जाता येतं, म्हणून त्यांच्यासाठी विचार करण्यासारखं आहे असं मला वाटतं. पण आधी नेहमीच्या डॉक्टरला विचारायचं की तिसरी गोळी किंवा इन्सुलिन सुरू करून बघायचं राहिलंय का. सोमवारी मामा मराठी फॉर्म मागायला जाणार आहेत, मिळाला की रात्री मी मोठ्यानं वाचणार, मामा-मामी ऐकणार, अडेल तिथं पेन्सिलनं खूण करणार. तोपर्यंत सही नाही.