बंब की गिझर?

डिसेंबर २०१८ मध्ये नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. गावाकडे, धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, लागून असलेल्या घरात तर न्हाणीत पाय टाकवत नाही. म्हणून दिवाळी झाली की पाणी तापवायची सोय तपासायची.

आमच्याकडे तांब्याचा बंब आहे, मधल्या नळीत जाळ करून भोवतीचं पाणी तापवायचा. कापूस उलंगला, म्हणजे वेचून संपला, की पऱ्हाटी (कपाशीच्या वाळक्या काड्या) फुकटच, तुराट्याही. आधी मधली नळी काजळी काढून मोकळी करा, नाहीतर सगळा धूर डोळ्यांत. जाळी जळली असेल तर बदला. आतला पांढरा थर चिंचेच्या कोळाने सुटतो. तोटीपाशी पाझर दिसला तर डाक (धातूचा सांधा) लावून आणा. आणि आधी पाणी, मग विस्तव. रिकामा बंब पेटवला की डाक वितळलाच. पेटवायचा मात्र अंगणात. बंद न्हाणीतला कार्बन मोनॉक्साईड वासाने कळत नाही.

गिझरला एवढी उस्तवार नाही. कॉइलवरचा क्षार काढायचा, अर्थिंग बघायचं. १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला जेमतेम अर्धा युनिट लागतो. पण पहाटे लाईन गेली की?

घरात पाच-सात माणसं असतील तर मी बंबच म्हणेन. दोघंच म्हातारे असतील तर गिझर घ्या, लाकडं कोण फोडणार?