बँकॉकमध्ये सागवान घेताना ३२,८३२ बाटची टोपी

३२,८३२ बाट. वर टेम्पोचे १,५००. सागाच्या वीस फळ्या, कागदावर २ इंच जाड, ८ इंच रुंद, अडीच मीटर लांब. दर घनफुटाला १,८०० बाट. इथला हिशोब इथल्यांना पाठच असतो: इंचातली जाडी गुणिले इंचातली रुंदी गुणिले मीटरमधली लांबी गुणिले ०.०२२८. फळीमागे ०.९१२, एकूण १८.२४ घनफूट. गुणाकार तिथेच दोनदा करून पाहिला. फळीला टेप मात्र लावली नाही!

घरी मोजलं तर जाडी १.६ इंच, रुंदी साडेसात. खरा माल १३.६८ घनफूट. म्हणजे ८,२०८ बाट नुसत्या हवेचे दिले. वखारवाल्याला फोन केला तर म्हणे, रंधून दिलंय, तेवढं जाणारच. दोन्ही तोंडं रंधली की चार-पाच मिलिमीटर जातात हो, दहा नाही जात. भाव ठरवण्याआधीच विचारा: माप रंधण्याआधीचं की नंतरचं?

पण हे परवडलं म्हणायची वेळ पुढे आली. वखारीत फळीवरून हात फिरवला तेव्हा तळवा चहासारखा तपकिरी झाला होता. तिथेच उठून चालू लागायला हवं होतं. ओल्या सागाच्या गाभ्यातून तपकिरी पाणी सुटतं, ते माहीत होतं, म्हणून गप्प बसलो. पण फळ्या छपराखाली होत्या, वरून कोरड्या! वरून कोरडा साग हाताला रंग देत नाही. सालीलगतचा कमी टिकणारा पांढरा भाग रंगवून गाभा म्हणून खपवला होता. टोकांना लाल रंग होता, त्याचा संशय येण्याचं कारण नव्हतं. टोकातून ओल झपाट्याने उडून चिरा पडू नयेत म्हणून चांगल्या वखारीतही तो लावतात. त्याखालीच पांढरा पट्टा लपला होता. टोकाचा एक इंच कापून दाखवायला सांगा. ताज्या कापाला चामड्यासारखा वास आणि हाताला तेलकटपणा हवा. गठ्ठ्याची पट्टी सोडायला लावा. वरच्या चार फळ्या नेहमीच देखण्या असतात.

‘जंगलातला जुना साग’ म्हणाला, तेही गिळलं. दक्षिणेतल्या १९८८ च्या पुरानंतर जानेवारी १९८९ मध्ये इथे नैसर्गिक जंगलातली तोड बंद झाली. आता कायदेशीर साग मिळतो तो लागवडीतला, खाजगी जमिनीवरचा, पाडलेल्या घरांतला किंवा बाहेरून आलेला. लागवडीतलं झाड कोवळं, त्यात पांढरा भाग जास्त. त्यात काही वाईट नाही, पण मग भावही तसाच हवा.

ओल टोकाला मोजू नका, तिथे लाकूड आधी वाळतं. टोकापासून फूटभर आत, खिळ्यांचा मीटर खोल रुतवून. माझ्या फळ्यांत २४ टक्के निघाली. एसीच्या खोलीत ती बाराच्या आसपास येईपर्यंत साडेसात इंची फळी चार-पाच मिलिमीटर आकसते. टेबल जोडलं असतं तर सांधे उघडले असते.

मग तक्रार. चौकीत दोन तास बसवून सांगितलं, लाकूड मिळालं ना? मग दिवाणी बाब, कोर्टात जा. ग्राहकांच्या कार्यालयाने पावती मागितली. पावतीवर फक्त ‘माइ’, एक लॉट. माइ म्हणजे लाकूड, कुठलंही! ‘माइ साक’ लिहिलं असतं तर निदान साग तरी म्हणता आलं असतं. मापाच्या कार्यालयात म्हणाले, त्याची टेप खरी आहे ना, मग आमच्याकडे का आलात? परत पहिल्या खिडकीवर: थाई भाषेत अर्ज, तीन प्रती, प्रत्येकीवर सही, पासपोर्टची नक्कल. सात आठवडे झाले. ‘कळवू’ याखेरीज शब्द नाही. वखारवाल्याला या तिघांचीही उत्तरं तोंडपाठ असणार.

पावतीवर झाडाचं नाव, रंधल्यानंतरची जाडी-रुंदी आणि ओल लिहून घ्या. लिहीत नसेल तर निघा. आणि सगळे पैसे आधी पाठवू नका. मी पाठवले, ‘आजच टेम्पो भरतो’ एवढ्यावर.

फळ्या बाल्कनीत पडून आहेत. पांढऱ्या पट्ट्यांखाली परवापासून पिठासारखा बारीक भुसा पडायला लागलाय.